ज्यूल्स व्हर्नच्या अद्भुत सफरी आणि त्या वाचण्याची रीत

‘मुलगा कादंबरी हाती घेतली की जेवणाचीही शुद्ध ठेवीत नाही, आणि एवढे करून त्याच्या पदरी पडते काय?’ असा प्रश्न पालकसभेच्या दिवशी कोणी ना कोणी विचारतातच. प्रश्न रास्त आहे. गोष्टीची पुष्कळ पुस्तके अशी असतात की शेवटचे पान उलटताच वाचकाचे काम संपते, आणि आठ दिवसांनी नायकाचे नावही आठवत नाही. परंतु गोष्टींचा दुसराही एक वर्ग आहे. तो वाचकास स्वस्थ बसू देत नाही. नकाशा काढावयास लावतो, त्रैराशिक मांडावयास लावतो, आणि लेखकाचे म्हणणे खरे की खोटे हे पडताळून पाहावयास लावतो. ज्यूल्स व्हर्न ह्या फ्रेंच ग्रंथकाराच्या ‘अद्भुत सफरी’ ह्या मालेतील कादंबऱ्या ह्याच वर्गातील होत. त्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचाव्या अशी माझी शिफारस आहे. मात्र त्या कशा वाचाव्या आणि कोणत्या प्रतीतून वाचाव्या, हे सांगितल्यावाचून ती शिफारस अपुरी राहील.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्सच्या पश्चिमेस असलेल्या नांत ह्या बंदराच्या गावी झाला. बाप वकील होता. मुलानेही तोच धंदा करावा म्हणून त्याने त्यास पॅरिसला कायदा शिकावयास धाडिले. मुलगा परीक्षा उतरला, पण त्याचे मन नाटकांत गुंतले. पुढे पोटासाठी काही वर्षे त्याने शेअरबाजारात काम केले, आणि उरलेला वेळ ग्रंथालयात बसून प्रवासवर्णने, भूगोल व पदार्थविज्ञान ह्यांवरील ग्रंथांतून टिपणे काढण्यात घालविला. १८६३ मध्ये हेत्झेल नावाच्या जाणत्या प्रकाशकाने त्याची ‘फुग्यातून पाच आठवडे’ ह्या अर्थाच्या नावाची कादंबरी छापिली, आणि तेथून दोघांची जोडी जमली. ह्या प्रकाशकाने १८६४ मध्ये कुटुंबातील लहानथोरांसाठी शिक्षण व करमणूक एकत्र देणारे एक नियतकालिक काढिले. व्हर्नच्या पुष्कळशा सफरी प्रथम त्यातच क्रमशः आल्या. भूगोल, भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान आणि ज्योतिष ह्यांनी मिळविलेले सारे ज्ञान गोष्टीच्या रूपाने वाचकांपुढे मांडावयाचे, असा त्या मालेचा उघड हेतू होता. २४ मार्च १९०५ रोजी व्हर्न वारला, तोपर्यंत तिच्यात ५४ कादंबऱ्या झाल्या होत्या.

पुष्कळ लोक व्हर्नला भविष्यवेत्ता म्हणून नावाजतात. पाणबुडीचा शोध त्यानेच आधी लाविला, चंद्रावरची स्वारी त्यानेच आधी पाहिली, असे बोलले जाते. ही स्तुती मला पटत नाही, आणि ती त्याच्या खऱ्या गुणावर पांघरूण घालते. रॉबर्ट फुल्टन ह्या अमेरिकन कारागिराने फ्रान्समध्ये १८०० साली ‘नॉटिलस’ नावाचीच पाणबुडी बांधिली होती, आणि फ्रेंच आरमारानेही १८६३ मध्ये एक पाणबुडी पाण्यात सोडली होती. व्हर्नने केले ते एवढेच की, आपल्या काळी ठाऊक असलेल्या गोष्टी नीट समजून घेऊन तो त्यांच्यापुढे एक पाऊल टाकी, आणि ते पाऊल कोणत्या हिशेबाने टाकिले तो हिशेब वाचकापुढे उघडा करून ठेवी. म्हणूनच तो आपणांस तपासता येतो. ज्या गोष्टीत नायक मंत्र पुटपुटतो आणि उडून जातो, तिच्याशी वाद घालणे अशक्य आहे. व्हर्नशी वाद घालता येतो, आणि कधी कधी आठवीतला मुलगाही तो वाद जिंकू शकतो.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १८७५ मध्ये पूर्ण झालेली ‘रहस्यमय बेट’ ही कादंबरी. माझ्या मते साऱ्या मालेत हिच्या तोडीचे पुस्तक नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६५ च्या मार्चमध्ये, रिचमंड शहरी अडकलेली पाच माणसे आणि एक कुत्रा फुग्यातून निसटतात, आणि वादळात सापडून पॅसिफिक महासागरातील एका निर्जन बेटावर जाऊन आदळतात. जवळ हत्यार नाही, अन्न नाही, काडीपेटी नाही. परंतु त्यांच्यात सायरस स्मिथ नावाचा एक इंजिनिअर आहे. तो दोन घड्याळांच्या काचा काढतो, त्यांच्या कडा चिकणमातीने सांधतो, मध्ये पाणी भरतो आणि त्या भिंगाने सूर्याचे किरण एकवटून वाळलेले शेवाळ पेटवितो. पुढे ते विटा भाजतात, मडकी घडवितात, लोखंड गाळतात, आणि गंधकाम्लापर्यंत जाऊन पोचतात. प्रत्येक कृती कशातून कशी झाली ते लेखक पायरीपायरीने सांगतो. ही पाने कंटाळवाणी म्हणून उलटून टाकणारे वाचक असतात. पण पुस्तकाचा खरा गाभा त्याच पानांत आहे.

समोरच्या कड्याची उंची स्मिथ कशी काढतो ते पाहा. तो एक काठी जमिनीत अशी रोवतो की तिचे दहा फूट वर राहावे. मग मागे सरून, पालथा पडून, काठीचे टोक आणि कड्याचा माथा एका रेषेत दिसतील त्या जागी खुंटी मारतो. खुंटीपासून काठी १५ फुटांवर, आणि कडा ५०० फुटांवर. पंधरास दहा, तर पाचशेंस किती? उत्तर ३३३ फूट ४ इंच. नववीच्या भूमितीतील समरूप त्रिकोण तो हाच. गतवर्षी आमच्या वर्गातील मुलांनी ह्याच रीतीने शाळेच्या घंटाघराची उंची काढिली, तेव्हा उत्तर ४१ फूट आले. वरून दोर सोडून मोजिले तो ३९ फूटच भरले. दोन दिवस वाद चालला. शेवटी एका मुलीने दाखवून दिले की, खुंटीची जागा घंटाघराच्या पायथ्याहून खाली आहे. पटांगणास उतार आहे, आणि वरची दोन फुटे त्या उताराची आहेत. पुस्तकातील बेटावर जमीन सपाट होती, हे त्या दिवशी सर्वांच्या ध्यानी आले.

त्याच कादंबरीत हर्बर्ट नावाच्या मुलाच्या अंगरख्याच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. सोबतच्या खलाशाला त्याचे काहीच वाटत नाही. पण इंजिनिअर हिशेब मांडतो. एका दाण्यास दहा ओंब्या, ओंबीस ऐंशी दाणे, म्हणजे पहिल्या पिकास ८००. ते सारे पेरिले तर दुसऱ्या पिकास ६,४०,०००. तिसऱ्यास ५१ कोटी २० लक्ष. चौथ्यास ४०,९६० कोटी. मग तो दाणा जपून पेरितात, भोवती कुंपण घालितात. गणित चोख आहे. परंतु ज्यांच्या घरी शेती आहे अशा पालकांस हा उतारा वाचून दाखवावा, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे! पेरलेला प्रत्येक दाणा उगवत नाही, उगवलेला प्रत्येक टिकत नाही, आणि पाखरे, उंदीर व तांबेरा ह्यांस त्रैराशिक येत नाही. हिशेब चोख आणि शेती कच्ची, असे हे स्थळ आहे, आणि दोन्ही बाजू समजून घेण्याजोग्या आहेत.

आणखी एक गोष्ट ह्या पुस्तकातून अवश्य करून पाहावी. आपण पृथ्वीवर कोठे आहो हे त्या मंडळींस ठाऊक नसते. पण एकाचे घड्याळ रिचमंडच्या वेळेवरच चालू राहिलेले असते. बेटावर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा त्या घड्याळात सायंकाळचे पाच वाजलेले असतात. तासास पंधरा अंश, म्हणजे पाच तासांचे ७५ अंश; रिचमंडचे रेखांश सुमारे ७७ पश्चिम; म्हणून बेट १५२ अंश पश्चिमेस. हेच आपल्या अंगणात करता येते. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची आहे, आणि मुंबई ७२ अंशांच्या थोडी पुढे, जवळजवळ ७३ वर आहे. म्हणून घड्याळात बारा वाजले तरी मुंबईत मध्यान्ह झालेली नसते. सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी ती होते. एक उभी काठी व तिची सर्वांत आखूड सावली, एवढे साहित्य पुरे.

चंद्रप्रवासाच्या दोन कादंबऱ्यांत, १८६५ व १८७० च्या, व्हर्नची बरोबर आणि चूक दोन्ही ठळक दिसतात. फ्लोरिडात जमिनीत ९०० फुटांची तोफ ओतावयाची, तिच्यातून पोकळ गोळा उडवावयाचा, आणि त्यात तिघे प्रवासी बसावयाचे, अशी ही योजना. गोळ्यास सेकंदास १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर वेग हवा, असे तो सांगतो. पृथ्वीच्या ओढीतून सुटावयास ११.२ किलोमीटर लागतो, तेव्हा हा आकडा उत्तम. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ यान फ्लोरिडातूनच सुटले, त्यातही तिघेच होते, आणि व्हर्नच्या गोळ्याप्रमाणे तेही पॅसिफिक महासागरात उतरले. त्या यानाचे नाव कोलंबिया, आणि व्हर्नच्या तोफेचे कोलंबियाड. परंतु येथपर्यंत येऊन टाळ्या पिटीत बसू नये. नऊशे फुटांच्या अंतरात शून्यापासून एवढा वेग येणे म्हणजे काय, ते कागदावर काढावे: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. ही वेगवृद्धी गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक भरते. चाळीस किलो वजनाच्या मुलाचा भार त्या क्षणी आठ लाख किलोंवर जाईल. व्हर्नला धक्क्याची जाणीव होती. म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेविला आहे. पण असल्या पाण्याने काय व्हावयाचे! तोफ सारा वेग एका क्षणात देते, अग्निबाण तो कित्येक मिनिटे थोडाथोडा देत राहतो. माणूस जिवंत राहतो तो ह्या फरकामुळे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. पृथ्वी व चंद्र ह्यांची ओढ जेथे सारखी होते त्या एका ठिकाणीच प्रवासी वजनरहित होतात, असे व्हर्न लिहितो. वस्तुतः तोफेबाहेर पडल्या क्षणापासूनच ते तरंगू लागले पाहिजेत, कारण गोळा आणि माणसे एकाच ओढीखाली एकाच चालीने जात आहेत. विहिरीत दोर तुटून पडणारी बादली आणि तिच्यातील पाणी ही बरोबरच पडतात. पडताना पाणी बादलीच्या तळास दाबीत नाही. हे एवढे ज्याला उमगले त्याला अवकाशयानांतील तरंगणारे लोक पाहून नवल वाटणार नाही.

‘पृथ्वीच्या गर्भाकडे’ (१८६४) ह्या कादंबरीवर मी फार वेळ घेत नाही. आइसलंडातील ज्वालामुखीच्या मुखातून उतरून इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोलीतून बाहेर यावयाचे, ही कल्पना रम्य आहे. पण खोलीबरोबर उष्णता वाढत जाते, आणि रशियात कोला येथे १२ किलोमीटरांहून थोडे अधिक खोल छिद्र पाडिले तेव्हा तळाशी सुमारे १८० अंश उष्णता आढळली. गमतीची गोष्ट ही की, हाच आक्षेप कादंबरीतील पुतण्या स्वतः घेतो आणि चुलता प्रोफेसर त्यास गप्प करतो. पुतण्याचे म्हणणे खरे होते.

‘समुद्राखाली वीस हजार लीग’ (१८७०) ह्या नावाने मात्र पुष्कळांची फसगत होते. वीस हजार लीग ही खोली नव्हे. एक लीग सुमारे चार किलोमीटरांची. तेव्हा हे अंतर ८०,००० किलोमीटर झाले, आणि पृथ्वीचा व्यास तेरा हजारांच्याही आत आहे. समुद्राखालून केलेल्या प्रवासाची ही लांबी होय. ह्या पुस्तकात कॅप्टन नेमो आपली पाणबुडी बर्फाखालून दक्षिण ध्रुवापर्यंत नेतो. व्हर्नच्या काळी तेथे कोणी पोचले नव्हते. १४ डिसेंबर १९११ रोजी आमुन्सेन पोचला, आणि दक्षिण ध्रुव भूमीवर असल्याचे दिसले. उत्तर ध्रुव समुद्रात आहे, आणि त्याच्या खालून ऑगस्ट १९५८ मध्ये एक पाणबुडी खरोखर पार गेली. ती अमेरिकेची होती, आणि तिचे नाव नॉटिलस.

आता आपल्या देशाकडे वळू. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ (१८७३) मध्ये फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईस उतरतो आणि त्याच रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. त्याचा नोकर तेवढ्यात मलबार टेकडीवरील देवळात जोडे घालून शिरतो आणि अनवाणी पळत स्टेशन गाठतो. साष्टी, ठाणे, सह्याद्रीचा घाट, बुऱ्हाणपूर ही नावे वाचताना आपल्या मुलांस घरच्या माणसांची भेट झाल्यासारखे वाटते. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. हे सारे त्याने नकाशावरून व प्रवासवर्णनांवरून रचिले, आणि म्हणून येथे आपण त्याचे परीक्षक होऊ शकतो. अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपतात आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो, असे तो लिहितो. प्रत्यक्षात मुंबई-अलाहाबाद मार्ग मार्च १८७० मध्येच पुरा झाला होता. हत्ती हवा होता म्हणून लेखकाने रूळ उखडले! बुंदेलखंडात ज्या तरुण विधवेस सती जाण्यापासून वाचवितात, ती औदा तर मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, सर जमशेटजी जिजीभाईंच्या नात्यातली. पारशी मुलगी रजपूत राजाची राणी होऊन सती जाते, ह्यावर आपल्याकडील कोणताही वाचक हसेल; पॅरिसचा वाचक हसला नसावा. मात्र ह्या कादंबरीचा शेवट मी सांगणार नाही. ३६० ला चार मिनिटांनी गुणून जो आकडा येतो, त्यात तो दडलेला आहे.

नेमोचे गुपित मात्र फोडणे भाग आहे, कारण आपल्या वाचकांस त्याचे विशेष अगत्य असावे. हा समुद्रातला एकलकोंडा पुरुष कोण, हे ‘वीस हजार लीग’ मध्ये कळत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाच्या जुलमाने उद्ध्वस्त झालेला पोलंडचा सरदार होता. प्रकाशकाने ते मान्य केले नाही. पुस्तकात एकच खूण राहिली आहे: सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या गरीब बुड्यास नेमो शार्कच्या तोंडातून सोडवितो, मोत्यांची थैली त्याच्या हाती देतो, आणि नंतर त्या पीडित देशाशी आपले नाते बोलून दाखवितो. ‘रहस्यमय बेटा’च्या शेवटी कळते की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला, बायकोमुले गमावलेला. व्हर्न त्यास टिपू सुलतानाचा पुतण्या म्हणतो. टिपू १७९९ मध्ये पडला, तेव्हा हे नाते कालगणनेत बसविणे कठीण. दोन कादंबऱ्यांतील सालेही एकमेकांशी जुळत नाहीत. पण उठावानंतर वीसच वर्षांच्या आत एका युरोपीय लेखकाने त्यातील बंडखोरास आपला सर्वांत थोर नायक केले, ही गोष्ट लहान नव्हे.

तोच लेखक १८८० च्या ‘वाफेचे घर’ ह्या कादंबरीत, जिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन घरे ओढीत हिंदुस्थानभर फिरतो, नानासाहेब पेशव्यांस निव्वळ क्रूर खलपुरुष करून टाकतो. कर्जतजवळच्या वेणगावी जन्मलेल्या आणि बिठूरला दत्तक गेलेल्या नानासाहेबांविषयी मराठी मुलास इतिहासात निराळेही काही वाचावयास मिळते. म्हणून हे पुस्तक लहान मुलांच्या हाती एकटे देऊ नये. वरच्या वर्गांनी इतिहास जवळ ठेवून वाचावे, आणि डक्कर व नाना ह्यांस एकाच लेखणीने दोन तऱ्हांनी का रंगविले ह्याचा विचार करावा.

शेवटी प्रतींविषयी. मराठीत ‘केरळ कोकिळ’ मासिकाने १९०० च्या सुमारास व्हर्नची कथा आणिली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी त्याच्या कथा मुलांसाठी अशा रसाळ मराठीत उतरविल्या की त्या पाचवी-सहावीपासून खुशाल द्याव्या. क्रम विचाराल तर प्रथम पृथ्वीप्रदक्षिणा. मग ‘कॅप्टन ग्रँटची मुले’, ‘वीस हजार लीग’ आणि ‘रहस्यमय बेट’ ही त्रयी ह्याच क्रमाने, कारण पहिल्या दोहोंतील माणसे तिसरीत भेटतात. इंग्रजी वाचू लागलेल्यांनी मात्र सावध असावे. जुन्या इंग्रजी भाषांतरांत बरीच काटछाट आहे. ‘वीस हजार लीग’ चे मर्सियरचे भाषांतर मूळ ग्रंथाचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळते. किंग्स्टनच्या नावाने १८७५ मध्ये निघालेल्या ‘रहस्यमय बेटा’त तर डक्करची कहाणीच बदलली आहे: मूळ ग्रंथात तो देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो, आणि येथे महत्त्वाकांक्षेपायी बंडात ओढला जातो; इंग्रजी सत्तेविषयीचे त्याचे कडवे बोल नाहीसे झाले आहेत. शंभरांहून अधिक वर्षे इंग्रजी वाचकांच्या हाती, आणि आपल्याही, बहुधा हीच प्रत पडत आली. अजूनही स्वस्त आवृत्त्यांतून तीच छापली जाते, कारण तिच्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही. ओळखावयाची खूण सोपी आहे. पुस्तक उघडून इंजिनिअरचे नाव पाहावे. तो सायरस हार्डिंग असेल तर ती किंग्स्टनची प्रत, आणि सायरस स्मिथ असेल तर घरी न्यावयास हरकत नाही.